एका गाजलेल्या गीताच्या पलीकडे: 'डिगेबल प्लॅनेट्स' या हिपहॉप समूहाच्या कारकिर्दीचे मूल्यमापन

घटकाची उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर विद्यार्थ्यांना पुढील गोष्टी करता येतील.
१. 'एकाच गाण्याचा समूह' या शिक्क्यामागील गृहीतके स्पष्ट करणे.
२. 'रिबर्थ ऑफ स्लिक' या गीताची रचना आणि त्याच्या लोकप्रियतेची कारणे सांगणे.
३. समूहाच्या दोन अल्बमांची तुलना करणे.
४. बाजारातील यश आणि कलात्मक मूल्य यांच्या संबंधाविषयी स्वतःचे मत साधार मांडणे.

१. प्रस्तावना

लोकप्रिय संगीतात काही नावे एकाच गीताच्या आधारावर टिकून असतात. ते गीत कुठे वाजले की ऐकणारा लगेच ओळखतो. समूहाचे नाव मात्र त्याला आठवत नाही, आणि या समूहाचे दुसरे गीत कोणते असे विचारले तर तो गप्प बसतो. अशा कलावंतांना आपण 'एकाच गाण्याचे धनी' म्हणतो. हे विशेषण वरवर निरुपद्रवी वाटते, पण त्यात एक निवाडा दडलेला असतो. या लोकांकडे सांगण्यासारखे तेवढेच होते, ते सांगून झाल्यावर ते संपले, असे त्यातून सुचवले जाते.

हा निवाडा दरवेळी तपासून घ्यावा लागतो. लोकप्रियतेची यादी ही विक्री आणि रेडिओवरील प्रसारण यांची नोंद असते. एखाद्या आठवड्यात किती लोकांनी काय घेतले आणि काय ऐकले, एवढेच ती सांगते. त्या नोंदीवरून कलावंताच्या कारकिर्दीचे मोल ठरवणे म्हणजे तिकीटविक्रीवरून नाटकाचे परीक्षण लिहिण्यासारखे आहे. मात्र याच्या उलट टोकालाही जाऊ नये. 'लोकांना कळले नाही, म्हणजे ते थोरच असणार' हाही तेवढाच आळशी निवाडा आहे.

या घटकात आपण 'डिगेबल प्लॅनेट्स' या अमेरिकी समूहाच्या आधारे हा प्रश्न पाहू. १९९३ मध्ये या समूहाचे एक गीत अमेरिकेत सर्वत्र वाजत होते. १९९५ मध्ये समूह विसर्जित झाला. दरम्यान त्यांचे दोनच अल्बम आले. पहिल्यामुळे ते ओळखले जातात. दुसरा त्यांचे खरे काम आहे, असे या घटकाचे प्रतिपादन आहे. तरीही गाजलेल्या गीताला कमी लेखून हे सिद्ध करता येणार नाही, हेही आपल्याला दिसेल.

२. पार्श्वभूमी

समूहात तिघे होते. इश्मेल बटलर म्हणजे 'बटरफ्लाय', मेरी अ‍ॅन व्हिएरा म्हणजे 'लेडीबग मेका' आणि क्रेग अर्व्हिंग म्हणजे 'डूडलबग'. बटलर सिएटलचा, अर्व्हिंग फिलाडेल्फियाचा, तर ब्राझीलहून आलेल्या कुटुंबातील व्हिएरा वॉशिंग्टनजवळच्या मेरिलँडमधली. तिघांपैकी कोणीही मूळचे न्यूयॉर्कचे नव्हते. हा तपशील ध्यानात ठेवावा, कारण पुढे दुसऱ्या अल्बमच्या चर्चेत तो कळीचा ठरतो.

नावांचा विचार करू. 'डिग' हे क्रियापद जॅझच्या वर्तुळात रुळलेले आहे. एखादी गोष्ट मनापासून आवडणे आणि ती आतून कळणे, असे दोन्ही अर्थ त्यात आहेत. प्रत्येक माणूस हा एक स्वतंत्र ग्रह, आणि तो समजून घेण्याजोगा आहे, ही समूहाच्या नावामागची कल्पना. किड्यांच्या टोपणनावांमागेही विचार होता. किडे एकत्र राहतात, मिळून काम करतात आणि समूहासाठी झटतात. ज्या कलाप्रकारात 'मी सगळ्यांत मोठा' हे सांगणे हा मान्य संकेत आहे, तिथे मुद्दाम कीटकाचे नाव घेणे हे त्या संकेतावरील भाष्यच होते.

काळही समजून घ्यायला हवा. जॅझ आणि रॅप यांना जवळ आणण्याचे प्रयत्न आधीपासून सुरू होते. गँग स्टारने ती वाट धरली होती. 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट'च्या १९९१ मधील 'द लो एंड थिअरी' या अल्बमवर तर रॉन कार्टर या नामवंत जॅझवादकाने प्रत्यक्ष डबल बास वाजवला होता. म्हणजे डिगेबल प्लॅनेट्सने ही शैली शोधून काढली, असे म्हणता येत नाही. त्याच सुमारास पश्चिम किनाऱ्यावर दुसरी लाट उसळली होती. डिसेंबर १९९२ मध्ये डॉ. ड्रेचा 'द क्रॉनिक' आला आणि गँगस्टा रॅप अमेरिकी बाजाराच्या मध्यभागी जाऊन बसला. या दोन प्रवाहांच्या मधोमध आपला समूह उभा राहिला.

३. गाजलेले गीत: रचना आणि परिणाम

'रिबर्थ ऑफ स्लिक' या गीताच्या शीर्षकाला 'कूल लाइक दॅट' अशी जोड आहे. ते 'बिलबोर्ड'च्या मुख्य यादीत १५व्या क्रमांकापर्यंत गेले. त्यानंतर समूहाचे कोणतेही गीत त्या उंचीच्या जवळपास पोचले नाही.

गीत ऐकताना पहिली गोष्ट लक्षात येते ती डबल बासची. आर्ट ब्लेकी यांच्या 'जॅझ मेसेंजर्स' या वृंदाच्या 'स्ट्रेचिंग' या रचनेतून हा तुकडा घेतलेला आहे. जुन्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा उचलून त्यावर नवी रचना उभारणे, यालाच सॅम्पलिंग म्हणतात. इथे बासची चाल पायऱ्या चढत गेल्यासारखी वर जाते, थबकते आणि पुन्हा खालून सुरू होते. तिच्यावर ब्रास वाद्यांची एक छोटी ललकारी उत्तरासारखी येते. ठेका साधा ठेवलेला आहे. वाद्यांची गर्दी नाही. आवाजाभोवती पुष्कळ मोकळी जागा सोडलेली आहे आणि गीताचे निम्मे यश या मोकळ्या जागेत आहे. ऐकणाऱ्याला दडपण येत नाही.

या जागेत तीन आवाज पाळीपाळीने येतात. बटरफ्लायचा आवाज सैल आणि किंचित रेंगाळणारा. तो ठेक्याच्या थोडा मागे राहतो, जसा एखादा सॅक्सोफोनवादक राहील. लेडीबगचा आवाज हलका आणि नेमका आहे. ती शब्द आपटत नाही, ठेवते. तिच्या कडव्यात अंतर्यमकांची वीण तिघांत सर्वांत घट्ट आहे, आणि तरीही ते सहज बोलणे वाटते. डूडलबगचा आवाज जाड आहे, तो गीताला जमिनीवर आणतो. ध्रुवपदात तिघे मिळून आपण कसे 'कूल' आहोत हे एकाच वाक्यबंधाची पुनरावृत्ती करत सांगतात. एकदा ऐकल्यावर ते तोंडात बसते.

'कूल' या शब्दाला आफ्रिकी-अमेरिकी संस्कृतीत मोठा इतिहास आहे. अपमान, धोका आणि दारिद्र्य यांच्यासमोर चेहरा शांत ठेवणे, तोल न ढळू देणे, हा त्याचा गाभा. जॅझमध्ये या वृत्तीला संगीताचे रूप मिळाले. गीताचे शीर्षक वाचताना माइल्स डेव्हिस यांच्या 'बर्थ ऑफ द कूल'ची आठवण होते ती म्हणूनच. पण गीत ऐकणाऱ्याला हा इतिहास माहीत असण्याची गरज पडत नाही. त्याला 'कूल' म्हणजे छान कपडे, अंधुक उजेडातला क्लब, चुटक्या आणि मंद डोलणे एवढेच पुरते. कृष्णधवल चित्रफितीने हाच अर्थ पक्का केला.

इथे गीताचे बळ आणि त्याची मर्यादा एकाच ठिकाणी सापडतात. गीत दोन पातळ्यांवर चालते. आतल्याला त्यात वारसा ऐकू येतो आणि बाहेरच्याला त्यात एक सुखद वातावरण मिळते. बाहेरच्याला आतले दार ठोठवावे लागत नाही. गीत लाखो लोकांपर्यंत पोचले ते याच सोयीमुळे, आणि पुढे समूहाला जाचली तीही हीच सोय.

४. 'रीचिन'': गीताभोवतीचा अल्बम

फेब्रुवारी १९९३ मध्ये 'रीचिन'' हा पहिला अल्बम आला. त्याच्या उपशीर्षकात काळ आणि अवकाश यांच्या नव्या खंडनाचा उल्लेख आहे. तो होर्हे लुईस बोर्हेस या अर्जेंटिनी लेखकाच्या काळाविषयीच्या निबंधाकडे निर्देश करतो. अल्बमला अमेरिकेत गोल्ड मानांकन मिळाले, म्हणजे पाच लाखांवर प्रती गेल्या.

गाजलेल्या गीतावरून अल्बमची जी अपेक्षा होते, ती अर्धीच पुरी होते. सुरुवातीच्या 'इट्स गुड टू बी हिअर'मध्ये हे कीटक दूरच्या ठिकाणाहून न्यूयॉर्कला येऊन पोचतात. 'पॅसिफिक्स'मध्ये शहरातली निवांत सकाळ आहे. बटलरच्या लेखनाची खासियत इथे दिसते. तो ठरलेली गोष्ट सांगत नाही, तर संगीतकारांची नावे, पुस्तके, रस्ते, खाणे आणि मित्र यांची रांग लावतो, आणि त्या रांगेतून एका विशिष्ट तरुण मनाची खोली आपल्यासमोर सजते. भिंतीवर कोणाची चित्रे आहेत, कपाटात काय आहे हे पाहून आपण माणूस ओळखतो, तसे.

'ला फाम फेताल' हे गीत मात्र वेगळे आहे. गर्भपाताचा निर्णय घेऊ पाहणारी एक मैत्रीण निवेदकाशी बोलते आणि तो तिच्या बाजूने उभा राहतो, असे त्याचे स्वरूप आहे. १९९२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर गर्भपाताच्या हक्काचा प्रश्न पुन्हा आला होता. दवाखान्यांच्या दारात निदर्शने होत होती. अशा वेळी लोकप्रिय रॅप अल्बममध्ये ही भूमिका घेणे धाडसाचे होते. गीत जवळजवळ गद्यात बोलल्यासारखे आहे आणि १९७०च्या आसपासच्या कृष्णवर्णीय वाचिक काव्याशी त्याचे नाते आहे. त्यात एक उणीव जाणवते. स्त्रीचा अनुभव पुरुष निवेदकाच्या तोंडून येतो, आणि समूहात लेडीबगसारखी समर्थ लेखिका असूनही हे गीत तिच्याकडे जात नाही.

मुद्दा असा की राजकारण पहिल्या अल्बममध्येच होते. ते नंतर सुचलेले नाही. परंतु एका गीतासाठी अल्बम घेणारा श्रोता ते ओलांडून पुढे जाऊ शकत होता, आणि बरेच जण गेले असावेत.

५. ग्रॅमी आणि 'सभ्य रॅप'चा सापळा

१ मार्च १९९४ रोजी न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये ग्रॅमी पुरस्कारांचा सोहळा झाला. समूहांच्या रॅप सादरीकरणाचा पुरस्कार 'रिबर्थ ऑफ स्लिक'ला मिळाला. स्पर्धेत डॉ. ड्रे आणि स्नूप डॉग, सायप्रस हिल, नॉटी बाय नेचर आणि अरेस्टेड डेव्हलपमेंट होते. पुरस्कार स्वीकारताना बटलरने महागड्या खुर्च्यांत बसलेल्या प्रेक्षकांना दाराबाहेरच्या बेघर माणसांची आठवण करून दिली.

हा प्रसंग नीट वाचायला हवा. पुरस्कार देणाऱ्यांच्या दृष्टीने हा समूह सोयीचा होता. एकीकडे पिस्तुले आणि शिवीगाळ यांमुळे रॅपवर टीका होत होती. दुसरीकडे इथे जॅझ होते, वाचन होते, स्त्री सदस्य होती आणि मंद स्वर होता. 'रॅप असाही असू शकतो' हे दाखवायला उत्तम उदाहरण. पण एखाद्याला असा चांगुलपणाचा दाखला देताना त्याच श्वासात त्याच्या शेजाऱ्याला दोषी ठरवले जाते. जॅझचे नाव घेतले की रॅपला प्रतिष्ठा मिळते, हा समजही तपासण्याजोगा आहे. एकेकाळी जॅझलाही अशीच नावे ठेवली जात होती. तो प्रतिष्ठित झाला तो बऱ्याच काळानंतर.

बटलरचे भाषण म्हणजे या दाखल्याला दिलेला नकार होता. पुरस्कार घेतला, पण पुरस्कारासोबत आलेली भूमिका घेतली नाही. सात महिन्यांनी आलेल्या दुसऱ्या अल्बममध्ये हाच नकार संगीताच्या भाषेत आला.

६. 'ब्लोआउट कोम्ब': दार बदलणे

'ब्लोआउट कोम्ब' ऑक्टोबर १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. शीर्षकातला कोम्ब म्हणजे आफ्रो केशरचना फुलवण्याचा लांब दातांचा कंगवा. १९७०च्या दशकात तो कृष्णवर्णीय अभिमानाची खूण बनला होता. अल्बमसोबतची पुस्तिका ब्लॅक पँथर पक्षाच्या वृत्तपत्राच्या धर्तीवर मांडलेली होती. पहिल्या गीताच्या शीर्षकात 'मे फोर्थ मूव्हमेंट' आहे. तो १९१९च्या चिनी विद्यार्थी आंदोलनाकडे निर्देश करतो. म्हणजे पाकीट उघडतानाच श्रोत्याला कळते की आपण कुठे आलो आहोत.

अल्बमचे स्थळ ब्रुकलिन आहे, त्यातही समूह राहत होता तो फोर्ट ग्रीन परिसर. त्या काळी तिथे कृष्णवर्णीय कलावंतांची मोठी वस्ती होती आणि स्पाइक ली या दिग्दर्शकाचे कार्यालयही तिथेच होते. 'बरो चेक' हे गीत रॉय एअर्स यांच्या ब्रुकलिनवरील जुन्या गीताच्या आधारावर उभे आहे आणि त्यात गँग स्टारचा गुरू पाहुणा म्हणून येतो. 'ग्राफिटी'मध्ये जेरू द डमाजा आहे. हे दोघे त्या काळातील न्यूयॉर्क रॅपचे मानकरी होते. त्यांची उपस्थिती म्हणजे परिसराने दिलेली मान्यता.

तिघेही ब्रुकलिनचे नव्हते, हे आपण पाहिले आहे. म्हणून या अल्बममधले ब्रुकलिन हे जन्माने मिळालेले गाव ठरत नाही. ते निवडलेले गाव आहे. रॅपमध्ये 'मी अमुक गल्लीचा' असे म्हणणे हा जन्मसिद्ध हक्काचा दावा असतो. इथे तो राहून, शेजार करून, कोपऱ्यावर उभे राहून मिळवलेला हक्क होतो. केशकर्तनालय, दुकाने, जिने, उन्हाळी संध्याकाळ यांचे तपशील जितक्या प्रेमाने येतात, तितके ते जन्मापासून पाहणाऱ्याकडून कदाचित आले नसते.

संगीतातला बदल याहून महत्त्वाचा आहे. पहिल्या अल्बममध्ये जॅझ प्रामुख्याने जुन्या ध्वनिमुद्रणांच्या तुकड्यांतून येतो. दुसऱ्यात तुकडे आहेतच, पण बास, गिटार, सॅक्सोफोन वाजवणारे वादकही आहेत. गीतांना वाहू दिलेले आहे. काही गीते सात मिनिटांच्या आसपास जातात. रॅपचे शब्द संपल्यावरही वाद्ये चालूच राहतात, जणू गाणारे निघून गेले आणि रस्ता तसाच जागा आहे. आवाज मिश्रणात पुढे आणलेले नाहीत, ते वाद्यांच्या पातळीवर बसवलेले आहेत. त्यामुळे शब्द पकडायला कान द्यावा लागतो.

याला व्यावहारिक बाजूही आहे. डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने बिझ मार्की या रॅपरच्या विरोधात निकाल दिला. त्यानंतर परवानगीशिवाय तुकडा वापरणे कंपन्यांना परवडेनासे झाले आणि परवानगीचे दर महत्त्वाचे ठरू लागले. जिवंत वादकांकडे वळण्याची अनेक कारणे असू शकतात. तरीही हा निकाल ध्यानात घेतल्याशिवाय त्या दशकातील हिपहॉपच्या नादाचा विचार पूर्ण होत नाही.

ध्रुवपदांकडे पाहा. 'रिबर्थ ऑफ स्लिक'चे ध्रुवपद परक्यालाही लगेच गाता येते. 'ब्लोआउट कोम्ब'मधली ध्रुवपदे आपसातल्या सांकेतिक बोलण्यासारखी आहेत. 'डायल सेव्हन'मध्ये सेरा वेब यांचा गाता आवाज आहे, चाल गोड आहे, पण आशय उघडपणे लढाऊ आहे. पहिल्या अल्बममध्ये वातावरण घेऊन आशय सोडता येत होता. इथे ती सोय काढून टाकलेली आहे. वातावरण हवे असेल तर ब्रुकलिनमध्ये यावे लागेल, आणि आल्यावर तिथले बोलणेही ऐकावे लागेल.

७. दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की हा युक्तिवाद अपयशाला सद्गुण ठरवतो. दुसऱ्या अल्बमची विक्री पहिल्यापेक्षा कमी झाली, त्यातून कोणतेही गीत गाजले नाही, आणि आता आपण म्हणतो की त्यांना ते नकोच होते. या आक्षेपात तथ्य आहे. समूहाला यश नको होते, असे म्हणायला आधार नाही. 'नाइन्थ वंडर' हे गीत स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले गेले, त्याची चित्रफीत निघाली. म्हणजे श्रोते हवे होतेच. आपले विधान त्यामुळे मर्यादित ठेवले पाहिजे. ज्या सोयीमुळे आधी यश मिळाले होते, ती पुन्हा वापरण्याचे त्यांनी टाळले. त्याची किंमत पडेल हे त्यांना किती ठाऊक होते, यावर आपला मुद्दा अवलंबून नाही. निर्णय अल्बमच्या नादातच ऐकू येतो.

शिवाय बाहेरची कारणेही होती. समूहाचे पेंड्युलम हे लेबल दोन अल्बमांच्या मधल्या काळात इलेक्ट्राकडून ईएमआयकडे गेले होते. १९९४ मध्येच नासचा 'इलमॅटिक' आणि नोटोरियस बी.आय.जी.चा 'रेडी टू डाय' आला होता. न्यूयॉर्कचाच आवाज आता अधिक कठोर आणि कथनप्रधान झाला होता. त्या गर्दीत संथ आणि कथेविना वाहणारा अल्बम मागे पडणे स्वाभाविक होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. संदर्भांची इतकी दाटी असली की श्रोत्याला दार बंदच वाटते. अल्बमच्या मध्यावर काही गीते एकमेकांत मिसळतात, एक कुठे संपले आणि दुसरे कुठे सुरू झाले हे लक्षात राहत नाही. लढाऊ घोषणा कधी कधी घोषणाच राहतात. क्रांतीची नावे घेणे आणि क्रांतीचा विचार करणे यांत अंतर आहे, आणि बटलरची यादी करण्याची शैली ते अंतर नेहमीच ओलांडत नाही. हे दोष मान्य करायला हवेत. पण त्यांच्यासह हा अल्बम पहिल्यापेक्षा मोठा ठरतो, कारण त्यात एका परिसराचे सामूहिक जीवन संगीताच्या रचनेतच उतरले आहे. किड्यांच्या नावांमागची समूहाची कल्पना पहिल्या अल्बममध्ये सांगितली गेली. दुसऱ्यात पाहुणे, वादक आणि एकाच पातळीवरचे आवाज यांतून ती प्रत्यक्ष घडली.

८. विसर्जनानंतर

१९९५ मध्ये समूह विसर्जित झाला. तिघांनीही संगीत सोडले नाही. अर्व्हिंगने 'सी नॉलेज' या नावाने काम केले. व्हिएराचा एकल अल्बम २००५ मध्ये आला. त्याच वर्षी तिघे काही काळ पुन्हा एकत्र आले. २०१६ मध्ये पुन्हा कार्यक्रम सुरू झाले आणि २०१७ मध्ये प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणाचा अल्बम निघाला. २०१३ मध्ये 'ब्लोआउट कोम्ब'ची तबकडी लाइट इन द अ‍ॅटिक या कंपनीने पुन्हा बाजारात आणली. जुने, विस्मृतीत गेलेले संगीत निवडून काढणाऱ्या कंपनीने पहिल्याऐवजी दुसरा अल्बम निवडावा, हे बोलके आहे.

बटलरची पुढची वाटचाल आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. सिएटलला परतल्यावर त्याने तेंदाई मराइरे याच्यासह 'शबाझ पॅलेसेस' हा समूह काढला. २०११ मध्ये त्यांचा 'ब्लॅक अप' सब पॉप या सिएटलच्याच लेबलने प्रसिद्ध केला. १९८९ मध्ये निर्वाना या रॉक समूहाचा पहिला अल्बम काढणारे हेच लेबल. 'ब्लॅक अप'मध्ये ठेके मध्येच तुटतात, बदलतात. मबिरा हे आफ्रिकी वाद्य इलेक्ट्रॉनिक नादांत मिसळते. गीतांची शीर्षके वाक्यांएवढी लांब आहेत. एका गीतापुरता आठवला जाणारा माणूस, सोळा वर्षांनी, चाळिशी ओलांडल्यावर, असे काम करतो ज्यात त्या गीताची छाया जवळजवळ नाही.

'ब्लोआउट कोम्ब' मधून काढून टाकला तर 'रिबर्थ ऑफ स्लिक' आणि 'ब्लॅक अप' यांच्यात कोणताच धागा दिसणार नाही. तो ठेवला की वाट सरळ दिसते. शब्द वाद्यांत मिसळणे, ध्रुवपदाला दुय्यम स्थान देणे, श्रोत्याकडून कष्टाची अपेक्षा ठेवणे, हे सर्व १९९४ मध्येच सुरू झाले होते. 'एकाच गाण्याचा समूह' या शिक्क्याचे खरे नुकसान इथे कळते. तो कारकिर्दीचा मधला दुवाच दृष्टिआड करतो.

९. समारोप

डिगेबल प्लॅनेट्सच्या उदाहरणावरून काही निष्कर्ष निघतात. गाजलेले गीत हे कारकिर्दीचा सारांश नसते. ते एक प्रवेशद्वार असते, आणि त्यातून आत येणारे सगळेच पुढे चालत नाहीत. गीत गाजण्याची कारणे त्याच्या रचनेत शोधावी लागतात. इथे ती मोकळ्या नादात, तीन वेगळ्या आवाजांत आणि दुहेरी अर्थाच्या सोयीत सापडली. पुढील काम त्या गीताशी ताडून पाहिले की त्यातले निर्णय स्पष्ट होतात. आणि बाजाराचा निवाडा नाकारायचा असेल, तर त्याच्या जागी आपला निवाडा, दोषांसकट, मांडण्याची जबाबदारी समीक्षकावर येते.

'रिबर्थ ऑफ स्लिक' आजही ताजे वाटते. ते ऐकून तिथेच थांबणाऱ्याने काही चूक केली असे नाही. पण ज्याला ते खरोखर आवडले, त्याने त्यानंतर 'बरो चेक' लावावे आणि एकदा तरी शब्द न पकडता फक्त बास ऐकावा. मग शब्दांसाठी पुन्हा ऐकावे.

स्वाध्याय

१. 'रिबर्थ ऑफ स्लिक' हे गीत दोन पातळ्यांवर चालते, या विधानाचे स्पष्टीकरण करा.
२. पुरस्कार एखाद्या कलावंताला प्रतिष्ठा देतो आणि त्याच वेळी चौकटीत बसवतो. ग्रॅमीच्या प्रसंगाच्या आधारे चर्चा करा.
३. 'जन्माने मिळालेले गाव' आणि 'निवडलेले गाव' या भेदाचा उपयोग 'ब्लोआउट कोम्ब'च्या आकलनासाठी कसा होतो?
४. सातव्या भागातील दोन आक्षेपांपैकी तुम्हाला कोणता अधिक पटतो? कारणे द्या.
५. तुमच्या भाषेतील, एकाच गीतासाठी ओळखल्या जाणाऱ्या एखाद्या गायकाचे किंवा समूहाचे उर्वरित काम ऐका. ते गाजलेले गीत त्या कामाशी कोणत्या नात्याने जोडलेले आहे, यावर ३०० शब्दांत टिपण लिहा.